टाकीचं नाक

५ नोव्हेंबर

बायकोने ही डायरी आणून दिली. म्हणाली, दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा. ठीक आहे. डायरी निदान माझं बोलणं अर्धवट टाकून भांडी घासायला जात नाही.

तापातून एकदाचा उठलो. सर्दी गेली, खोकला गेला, अंगात ताकद तेवढी अजून यायची आहे. मी अंथरुणात असताना कॉफीची पहिली तोडणी सुरू झाली. धाकट्याने फळं सोलायचा पल्पर बाहेर काढून तेलपाणी करून ठेवला आहे. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याच्याही डोक्यावर आता केस राहिलेले नाहीत, पण घरात धाकटा तो धाकटाच.

माझ्यामागे कोणी हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहितो. या उतारावर आम्ही पाच घरं. प्रत्येकाची कॉफी थोडी थोडी, एकट्याने काही करावं एवढी कोणाचीच नाही. पूर्वी सगळे पिकलेली फळं तशीच्या तशी ट्रकवाल्याला देत असू आणि तो आम्हाला शेंड्या लावत असे. मग पाच घरांनी मिळून सिमेंटची टाकी बांधली. आता आम्ही लाल फळ तोडतो, त्याच दिवशी पल्परमधून सोलतो आणि आतले दाणे टाकीत ठेवतो. दाण्यांवर बुळबुळीत थर असतो, तो टाकीत हळूहळू सुटतो. सुटला की स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि जाळीच्या टेबलांवर वाळवायचं.

सगळी गोम आहे ती धुवायच्या वेळेत. लवकर धुतली तर थर राहतो आणि वाळताना बुरशी धरते. उशीर झाला तर आंबते. ही वेळ माझं नाक सांगतं. आधी उसाच्या रसासारखा वास येतो, मग पिकल्या केळ्यासारखा. मग तो गोडवा अचानक सरतो आणि लिंबू चिरल्यासारखं काहीतरी नाकाला लागतं. तीच वेळ. मी "झाली" म्हटल्याशिवाय आमच्या टाकीत पाणी सोडत नाहीत. आमची कॉफी विकणाऱ्या सोसायटीतसुद्धा मला टाकीचं नाक म्हणतात, आणि ते चेष्टेने नव्हे.

रात्रीची भाजी पाण्यासारखी होती. हिला तसं सांगितलं. तिने माझ्याच ताटातली चाखून पाहिली आणि ताट तसंच माझ्यापुढे सरकवलं.

९ नोव्हेंबर

पहिली टाकी धुतली. मनासारखं झालं नाही.

थंडी फार आहे. थंडीत वास यायला वेळ लागतो, हे मी सगळ्यांना सांगून थकलो. मास्तर सकाळपासून थर्मामीटर घेऊन टाकीवर हजर. हे आमचे शेजारी, शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून कॉफीला शिकवायला निघाले आहेत. म्हणाले, टाकी आतून तापली आहे, झाली असावी. मी म्हटलं, मास्तर, ते थर्मामीटर घरी ठेवा, नातवंडांना ताप आला की लागेल. ते ओशाळे होऊन हसले.

धाकटा दोनदा येऊन विचारून गेला, "दादा, आता सोडूया का पाणी?" मी म्हटलं, तुला कुठे गाडी पकडायची आहे का? वास आला नव्हता. वाकून, डोकं टाकीत घालून पाहिलं, तरी नाही. वर आलो तर सगळे तोंडाला रुमाल लावून उभे. या वर्षी सगळ्यांनाच थंडी बाधते आहे.

शेवटी अंदाजाने धुवायला सांगितलं. अंदाजाने काम करायची सवय नाही मला. दिवसभर चिडचिड झाली.

१४ नोव्हेंबर

दाणे टेबलांवर वाळत आहेत. ऊन चढलं की झाकायचे, उतरलं की उघडायचे, मधूनमधून हाताने हलवायचे. कंटाळवाणं काम.

ही दूध शेगडीवर ठेवून अंगणात गेली. मी तिथेच बसून पेपर वाचत होतो. ती ओरडत आत आली तेव्हा पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. "शेजारी बसून तुम्हाला वास नाही आला?" मी म्हटलं, मी वाचत होतो. वाचणाऱ्या माणसाने दुधावर लक्ष ठेवायचं की मजकुरावर? ती माझ्याकडे बघत राहिली. पातेलं घासायचं सोडून एवढं बघण्यासारखं माझ्यात काय होतं कोण जाणे.

२१ नोव्हेंबर

डोकं फिरलं आहे.

पहिल्या टाकीचा नमुना घेऊन सोसायटीत गेलो होतो. तिथल्या चव घेणाऱ्या बाई नव्या आहेत, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. दाणे भाजून, दळून, कप मांडून चमच्याने मोठा आवाज करत सुर्रकन ओढतात आणि डब्यात थुंकतात. पहिला चमचा ओढला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"काका, ही उशिरा धुतली आहे. कुजलेल्या कांद्याचा वास येतोय."

मी म्हटलं, ही कोणी धुतली हे ठाऊक आहे का तुम्हाला? ठाऊक होतं. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. मी वास घेतला, चाखली. गरम, कडू, कॉफीसारखी कॉफी. कांदा मला तरी कुठे सापडला नाही. अत्तर लावून कामाला येत असतील, त्याचाच घोटाळा. बाहेर आल्यावर धाकट्याला तसं म्हटलं, तर तो म्हणे, बाई अत्तर लावत नाहीत. याला बरं माहीत.

पण बाईंनी जे सांगितलं ते गंभीर आहे. आमच्या टाकीची कॉफी सोसायटी इतकी वर्षं वेगळी ठेवते, वेगळी विकते, कारण ती चांगली असते. हा हंगाम असाच गेला, शेवटच्या तोडणीपर्यंत सुधारणा झाली नाही, तर पुढच्या वर्षीपासून ती सगळ्यांच्या ढिगात जाईल. आणि ढिगातच जायची असेल तर एवढी मरमर करून धुवायची कोणी? पाच घरं पुन्हा फळं ट्रकवाल्याला देतील. टाकीत मग पावसाचं पाणी साठवा नाहीतर शेळ्या बांधा.

२२ नोव्हेंबर

पल्पर अख्खा खोलला. धाकट्याने कितीही शपथा घेतल्या तरी साफसफाईत त्याचं मन नसतं. चाकाच्या मागे गेल्या वर्षीचा एक दाणा अडकलेला सापडला, काळा पडलेला. तोच नाचवत सगळ्यांना दाखवला. हेच ते कांद्याचं मूळ. असा एक दाणा अख्खी टाकी नासवतो.

धाकटा म्हणाला, "असेल, दादा." एवढंच. चूक झाली असं तोंडातून निघालं नाही.

२५ नोव्हेंबर

ऐन धुवायच्या दिवशी हिला जाळी संपल्याचं आठवलं. बाजारात जाऊन आत्ताच्या आत्ता आणा म्हणे, नाहीतर दाणे वाळवायचे कशावर. मी म्हटलं, धाकट्याला पाठव. तर त्याची पाठ धरली होती. मास्तरांना पाठव. तर त्यांना जाळीतलं कळत नाही. माझ्या घरात माझ्याच हातात पिशवी दिली आणि मला बसमध्ये बसवलं.

जाण्याआधी मी सगळं नीट समजावून सांगितलं. घाई करायची नाही, मी आल्यावर बघू. परत आलो तर टाकी धुऊन रिकामी, दाणे टेबलांवर पसरलेले. जुनी जाळी पुरली म्हणे. मग मला पाठवलं कशाला?

संध्याकाळपर्यंत कोणाशी बोललो नाही. कोणी मला बोलतं करण्याचा प्रयत्नही केला नाही, त्याचा जास्त राग आला.

७ डिसेंबर

दुसऱ्या टाकीचा निकाल: उत्तम. बाई म्हणाल्या, फुलांचा वास आहे, नंतर संत्र्यासारखं काहीतरी. घोट थुंकायच्या ऐवजी त्यांनी चक्क गिळला.

बघितलंत? पल्परमधला दाणा काढला आणि फरक पडला. शिवाय जाताना मी सगळं समजावून गेलो होतो. मी बाहेर सोसायटीच्या अंगणात सगळ्यांना तसं सांगितलं. सगळे हो हो म्हणाले. धाकटा आणि ही मात्र एकमेकांकडे बघत होते. माझ्या घरात दीर-भावजयीचं एवढं गूळपीठ कधीपासून जमलं?

ही घरी आल्यावर म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवून येऊया का?" मी विचारलं, कोणाला? तुम्हाला, म्हणाली. मला काय झालंय? ताप जाऊन किती दिवस झाले. ती म्हणाली, काही नाही, सहज.

१० डिसेंबर

तिसरी टाकी. आज पुन्हा मला बाहेर काढायचा बेत होता. हिच्या बहिणीकडे लोणच्याची बरणी पोचवायची होती. लोणचं काय पळून जाणार होतं? मी स्टूल घेऊन टाकीजवळ बसलो तो उठलोच नाही.

ही दिवसभर घिरट्या घालत होती. मुठीत दाणे घ्यायचे, कानाजवळ नेऊन चोळायचे आणि माझ्याकडे बघायचं. दुपारी म्हणाली, खडखडतायत, सुटलाय थर. मी म्हटलं, कानाने कॉफी धुवायची पद्धत नवीन निघाली वाटतं. धाकटा हसला नाही. मास्तर थर्मामीटर आणायचं विसरले होते, किंवा खिशातून काढायला घाबरले.

वास नव्हताच. मी काही आज टाकीवर आलेलो नाही, मला कळतं. नसलेल्या वासावर मी "झाली" कसं म्हणू? थांबा म्हटलं. सगळे थांबले. शेवटी ऊन कलायला लागलं तेव्हा, आता अंधारात कोण धुणार म्हणून, सोडा पाणी म्हटलं.

एक गोष्ट कबूल करतो. वाकून श्वास घेतला तेव्हा क्षणभर भीती वाटली. पूर्वी टाकी माझ्याशी बोलायची. या वर्षी तोंड उघडत नाही. पाण्यातच काही बदल झाला असणार, वरच्या झऱ्यापाशी जाऊन बघायला हवं.

१३ डिसेंबर

झऱ्यापर्यंत चढून गेलो. पाणी स्वच्छ आहे. गुडघे दुखतात.

वाळलेल्या दाण्यांची पोती कोठीत रचली आहेत. दुपारी तिथेच जरा आडवा होतो, शांत असतं. आज ही नाक दाबून आत आली आणि दारातूनच मागे फिरली. धाकट्याला हाक मारली. दोघांनी मिळून माझ्या उशाशी असलेलं पोतं हलवलं तर मागे मेलेला उंदीर, फुगलेला. बरेच दिवसांचा असावा. ही म्हणाली, "तुम्ही रोज इथे झोपत होतात?"

हो, झोपत होतो. शेतकऱ्याच्या घरात उंदीर मरायचेच. एवढं नाजूक होऊन कसं चालेल?

जेवणात तिखट वाढवायला सांगितलं. वाढवलं. जीभ भाजली, पण चव म्हणून नाही. हिचा हात बिघडला आहे. इतक्या वर्षांनी हे तोंडावर कसं सांगायचं, म्हणून इथे लिहिलं.

२३ डिसेंबर

तिसरी टाकी पहिलीपेक्षाही वाईट. बाईंनी चमचा ठेवून दिला, दुसऱ्या कपाला हात लावला नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, शेवटच्या तोडणीचा लॉट मी बघेन, पण काका, तो दुसऱ्या टाकीसारखा हवा. नाहीतर माझ्या हातात काही नाही.

हंगामभर मी काय चुकलो ते कोणी सांगत नाही. पल्पर साफ, पाणी साफ, फळं मी स्वतः निवडली, एक हिरवं जाऊ दिलं नाही. मग?

संध्याकाळी धाकट्याच्या अंगणात गेलो तर तिथे सगळी पाच घरं जमलेली. ही पण. मास्तर काहीतरी बोलत होते, मला बघून थांबले. कोणीतरी हवापाण्याचं काढलं. मी मूर्ख नाही. टाकी मास्तरांच्या थर्मामीटरकडे द्यायचं घाटतं आहे, आणि माझी बायको त्यात सामील आहे. मी म्हटलं, माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्यासमोर बोला. मास्तर म्हणाले, "तसं काही नाही हो. शेवटच्या टाकीलाही तुम्हीच आहात." आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मानाही अशा हलवल्या, जसे काही आजाऱ्याला भेटायला आले आहेत. तसाच परत आलो.

२७ डिसेंबर

फळं सोलून टाकीत पडली. शेवटची. झाडांवर आता पानंच राहिली.

ही म्हणाली, उद्या शहरात जाऊन चष्म्याचा नंबर तपासून या. मी म्हटलं, माझा चष्मा तुला आत्ताच बरा आठवला. मी कुठेही जाणार नाही. तुझ्या बहिणीचं घर जळत असलं तरी जाणार नाही.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. रडत होती की काय, विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२९ डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी टाकीवर सगळे होते. मी वाकलो, श्वास घेतला, काही नाही. पुन्हा घेतला. ओलं सिमेंट समोर दिसत होतं, दाण्यांवर फेस आलेला दिसत होता, आणि वास नाही. मी म्हटलं, व्हायची आहे.

ही उजव्या मुठीत दाणे घेऊन चोळत होती. डावा हात तिने सकाळपासून पाठीमागे धरला होता, का ते मला कळत नव्हतं. म्हणाली, "झाली आहे."

मी म्हटलं, नाही.

"झाली आहे. आता सोडलं नाही तर दुपारी उपयोग नाही."

पाच घरांसमोर. माझा आवाज चढला. जे बोललो ते लिहीत नाही. टाकी बांधली तेव्हा तू कुठे होतीस, असंसुद्धा बोललो, आणि ती माझ्याबरोबर सिमेंट कालवत होती हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. धाकटा हातातलं लाकडी फावडं धरून जमिनीकडे बघत उभा होता. कोणीही हललं नाही. मी थांबा म्हटलं होतं ना.

तिने मुठीतले दाणे टाकीत टाकले. "जरा इकडे या," म्हणाली आणि कोठीमागे चालू लागली. मी भांडायलाच गेलो. तिथे तिने डावा हात माझ्या नाकासमोर धरला. "वास घ्या."

मी म्हटलं, हा काय पोरखेळ लावला आहेस?

"घ्या."

घेतला. म्हटलं, काही नाही. हात आहे. धुतलेला.

"नीट घ्या."

पुन्हा घेतला. कसला यायला हवा, म्हणून विचारलं. तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "रॉकेल आहे. सकाळी मुद्दाम ओतून घेतलं हातावर. तेव्हापासून कशाला लावला नाही."

मला ते खरं वाटलं नाही. कोठीत गेलो, रॉकेलचा कॅन उचलला, झाकण काढलं आणि नाक आत घातलं. डोळ्यांत पाणी आलं. वाफेने आलं की कशाने, सांगता येत नाही. वास आला नाही. साबण हुंगला, पोतं हुंगलं, स्वतःची घामट बाही हुंगली. घरातल्या सगळ्या वस्तू एकदम गप्प झाल्यासारख्या वाटल्या.

विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाली, दूध जळलं तेव्हापासून शंका, उंदराच्या दिवशी खात्री. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं. आणि मानलं असतं तर... मग तुम्ही काय केलं असतं, ते मला बघवलं नसतं."

मला खाली बसावंसं वाटलं. ती बसू देईना. म्हणाली, वेळ जातोय. तुम्ही जाऊन वाका, नेहमीसारखा श्वास घ्या आणि झाली म्हणा. कोणाला काही कळायचं नाही. पुढच्या वेळी मी चोळून बघेन आणि तुम्हाला खूण करेन. आपल्या दोघांत राहील.

मी टाकीपाशी गेलो. वाकलो. सगळे माझ्याकडे बघत होते. "झाली," एवढाच एक शब्द होता. तो म्हटला असता तर संध्याकाळपर्यंत सगळं पूर्वीसारखं झालं असतं. पण खाली बघत असताना मनात आलं की मला आता ही टाकी आणि दगडांनी भरलेली टाकी यांतला फरक कळत नाही, आणि तरी मी तिच्यावर वाकून उभा आहे. लाज वाटली. सरळ झालो.

म्हटलं, "मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून कसलाच येत नाही. ही म्हणते झाली, तर झाली. सोडा पाणी."

मला वाटलं, सगळे चकित होतील. कोणी झालं नाही. धाकट्याने पाटाची फळी वर उचलली होती, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. पाणी टाकीत आलंसुद्धा.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, दादा."

"मग टाकी कुजत असताना मला विचारत कशाला होता? बसला होता रुमाल लावून! तिसरी टाकी माझ्यासमोर सडली. सोडायचं होतं पाणी."

धाकटा माझ्याकडे न बघता दाणे ढवळत म्हणाला, "तू झाली म्हणाला नव्हतास."

बाकीच्यांकडे बघितलं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मास्तरांनी चष्मा पुसायला काढला. मला हसावं की फावडं उचलून एकेकाला हाणावं, कळेना. दोन टाक्या मातीत घातल्या यांनी, डोळ्यांदेखत, माझ्या एका शब्दासाठी. पाच घरांचं वर्ष. आणि मला बाजारात जाळी आणायला पाठवून एक तेवढी वाचवली, तीसुद्धा चोरून, मला वाईट वाटू नये म्हणून.

मग मीही पाण्यात उतरलो आणि ढवळू लागलो. हात धड होते. धुताना दाणे खडखडत होते, ते मला ऐकू येत होतं.

३० डिसेंबर

काल रागात हे लिहायचं राहिलं: माझ्यावर एवढी मेहरबानी करायला मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज पुन्हा राग आला. कोणावर काढावा ते कळत नाही. भाजी नेहमीसारखी बेचव.  मुकाट्याने जेवलो.

४ जानेवारी

डॉक्टर म्हणतात, तापाने असं होतं. परत येईल, किंवा येणार नाही. एवढं सांगायला त्यांनी एवढी वर्षं शिक्षण घेतलं. मास्तर सोबत आले होते. येताना बसमध्ये त्यांनी खिशातून थर्मामीटर काढून मला दाखवलं, कसं वाचायचं ते सांगायला लागले. ऐकून घेतलं. दुसरं करणार काय?

१६ जानेवारी

आज निकाल होता. हिला म्हटलं, चल. ती याआधी कधी चवीच्या खोलीत आली नव्हती, कारण तिथे मी जायचो. दारापाशीच थांबत होती, हात धरून आत आणली. धाकटाही होता.

बाईंनी कप मांडले, वर गरम पाणी ओतलं आणि रिवाजाप्रमाणे पहिला कप माझ्यापुढे सरकवला. वाडीतला मोठा माणूस आधी वास घेतो, मग बाई. मी कप उचलला. हात गरम झाले. तो तसाच हिच्यापुढे ठेवला. म्हटलं, आमच्या टाकीचा वास आता हिला विचारायचा.

ही नको नको म्हणत होती. मग वाकली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, टाकीकडे बघायचो तसा. ती बराच वेळ वाकून राहिली. शेवटी म्हणाली, चांगला आहे.

बाईंनी चमचा ओढला. गिळला. पुन्हा ओढला. म्हणाल्या, टाकी वेगळीच राहील. धाकट्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की बाई हसल्या. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग गडबडून वहिनीला नमस्कार करायला निघाला. ही मागे सरली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी येताना सगळ्या चढावर एकच सलत होतं. ज्या कॉफीसाठी हंगामभर जीव टांगणीला लागला होता, ती चांगली आहे हे मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. शेवटी हिला विचारलंच.

"कसा होता?"

"सांगितलं ना, चांगला."

"चांगला म्हणजे काय? कसा चांगला?"

"फुलांसारखा, म्हणाल्या बाई."

"बाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं. तुला कसा आला ते सांग. टाकीचं नाक झालीस तर बोलायला नको?"

"ओरडू नका. ओरडलात की मला सुचत नाही."

 ती बरंच अंतर तशीच चालली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी आपल्याकडे टेबलं नव्हती. धुकं हटेना म्हणून कॉफी घरात पसरली होती, पार पलंगाखालीसुद्धा. सकाळी उठल्यावर घरभर जो वास होता, तो."

मी रस्त्यात थांबलो. नाकाने काही येत नव्हतं, पण तो वास मला माहीत होता. ती सकाळ, ते बंद दार, पाय ठेवायला जागा नाही म्हणून आम्ही दोघं पलंगावरच बसून राहिलो होतो. सगळा आठवला.

मी म्हटलं, "मग अगदी वेळेवर धुतलीस."

ती म्हणाली, "हो."